लेसर सुरी (डोके व मानेची शस्त्रक्रिया)

लेसर सुरी म्हणजे शस्त्रक्रियेत पोलादी पात्याऐवजी वापरला जाणारा लेसर प्रकाशाचा एकवटलेला झोत. हा झोत ज्या बिंदूवर पडतो तेथील ऊतकातील पाणी क्षणार्धात उकळून त्याची वाफ होते आणि तेवढ्याच जागी छेद पडतो. त्याच वेळी उष्णतेमुळे छेदाच्या कडांवरील बारीक रक्तवाहिन्या मिटतात. कापणे आणि रक्तस्राव थांबवणे ही दोन कामे एकत्र होत असल्यामुळे अरुंद, खोल आणि रक्ताने चटकन भरून जाणाऱ्या जागी या साधनाचा विशेष उपयोग होतो.

डोके व मानेची शस्त्रक्रिया या शाखेत तोंड, जीभ, घसा, स्वरयंत्र, नाक, कान आणि मान यांचा समावेश होतो. या शाखेत लेसर सुरीचा वापर १९७०च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला. स्वरयंत्रावरील सूक्ष्मशस्त्रक्रिया हे तिचे सर्वांत महत्त्वाचे क्षेत्र आहे. मानेवर बाहेरून छेद न देता, तोंडावाटे नळी घालून, सूक्ष्मदर्शकातून पाहत ही शस्त्रक्रिया केली जाते. स्वरतंतूंच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगावर ती आज किरणोपचाराच्या बरोबरीची उपचारपद्धती मानली जाते.

पार्श्वभूमी

स्वरयंत्र हे श्वासनलिकेच्या मुखाशी असलेले कूर्चांचे चौकटवजा इंद्रिय आहे. बोलणे, श्वास घेणे आणि गिळताना अन्न श्वासमार्गात जाऊ न देणे ही त्याची तीन कामे आहेत. त्यातील दोन स्वरतंतू नावाप्रमाणे तंतू नसून स्नायू व मऊ थरांच्या घड्या असतात. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी सुमारे २ सेंटिमीटर असते, स्त्रियांत त्याहून कमी. बोलताना या घड्या पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १५० वेळा आणि स्त्रियांत सुमारे २०० वेळा कंप पावतात. त्यांच्या पृष्ठभागाखालचा मऊ थर शाबूत असला तरच हा कंप नीट होतो. त्यामुळे येथे एक-दोन मिलिमीटर ऊतक अधिक कापले गेले, तरी आवाजात कायमचा फरक पडू शकतो.

जिवंत माणसाचे स्वरयंत्र पाहणे हीच एकेकाळी अवघड गोष्ट होती. १८५४ मध्ये गायनशिक्षक मान्वेल गार्सिया यांनी आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू पाहिले. ३१ डिसेंबर १८७३ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला मानेवर केलेल्या छिद्रातून श्वास घ्यावा लागतो आणि त्याचा नैसर्गिक आवाज कायमचा जातो. पुढे स्वरयंत्राचा केवळ रोगग्रस्त भाग काढण्याच्या पद्धती विकसित झाल्या. परंतु त्यांसाठीही मान बाहेरून उघडावी लागे आणि बहुधा काही काळ श्वासनलिकेला छिद्र ठेवावे लागे.

तोंडावाटे काम करण्याचा मार्ग दोन टप्प्यांत मोकळा झाला. १९१२ मध्ये गुस्ताव किलियन यांनी स्वरयंत्रदर्शक नळी आधाराला टांगून ठेवण्याची युक्ती काढली, त्यामुळे शल्यचिकित्सकाचे दोन्ही हात मोकळे झाले. १९६०च्या दशकात जर्मनीतील ऑस्कर क्लाइनसासर यांनी या नळीला ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असलेल्या सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. स्वरतंतू मोठे करून आणि दोन्ही डोळ्यांनी पाहता येऊ लागले. तरीही लांब दांड्याच्या चिमट्याने किंवा कात्रीने पहिला छेद देताच रक्त येई आणि त्या इवल्याशा जागेत काही दिसेनासे होई. ही अडचण लेसरने दूर केली.

कार्यतत्त्व

लेसरचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेने जाणारा आणि एका सूक्ष्म बिंदूवर आणता येण्याजोगा असतो. ऊतकावर त्याचा काय परिणाम होईल, हे मुख्यतः ती तरंगलांबी कोणत्या पदार्थात शोषली जाते यावर ठरते. डोके व मानेच्या शस्त्रक्रियेत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते. हा अवरक्त प्रकाश असल्याने डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात तो इतक्या तीव्रतेने शोषला जातो, की सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीच्या पाण्याच्या थरातच त्याची ९० टक्के ऊर्जा संपते. मऊ ऊतकात पाण्याचे प्रमाण मोठे असल्याने झोताची शक्ती पृष्ठभागाशीच खर्च होते आणि खालच्या थरांना फारशी झळ पोहोचत नाही.

ऊतकाचे तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसवर गेले की त्यातील प्रथिने गोठतात. १०० अंशांच्या आसपास पेशींतील पाण्याची वाफ होऊन पेशी फुटतात. त्याहून अधिक तापल्यास कोरडा भाग जळून कोळसा होतो. चांगल्या छेदात मधोमध वाफ झालेली पोकळी, तिच्या कडेने कोळशाचा अगदी पातळ थर आणि त्यापलीकडे गोठलेल्या प्रथिनांची अरुंद पट्टी असते. या पट्टीमुळेच साधारण अर्ध्या मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या रक्तवाहिन्या मिटतात. त्याहून मोठ्या वाहिन्यांसाठी धातूची चाप किंवा विद्युत्‌दहन वापरावे लागते.

शल्यचिकित्सकाच्या हाती तीन गोष्टी असतात : शक्ती, झोताचा व्यास आणि वेळ. यांपैकी व्यासाचा परिणाम सर्वांत मोठा असतो. ५ वॅट शक्तीचा झोत पाव मिलिमीटर व्यासाच्या ठिपक्यावर आणला, तर दर चौरस मिलिमीटरला सुमारे १०० वॅट इतकी घनता मिळते. ठिपक्याचा व्यास दुप्पट केला, की क्षेत्रफळ चौपट होऊन घनता सुमारे २५ वॅटवर येते. म्हणून बारीक ठिपका सुरीसारखा कापतो, तर तोच झोत थोडा पसरवला की तो पृष्ठभाग शेकून रक्त थांबवतो. वेळेच्या बाबतीत, झोत अखंड न सोडता अतिशय तोकड्या स्पंदांत सोडल्यास दोन स्पंदांच्या मधल्या काळात ऊतक निवते आणि कडेची भाजणी कमी होते.

इतिहास

लेसरचा शोध

उत्तेजित उत्सर्जनाची कल्पना अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली. मे १९६० मध्ये अमेरिकेतील थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर तयार केला. वैद्यकाला सर्वाधिक उपयोगी ठरलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. पहिल्या यंत्राची शक्ती अत्यल्प होती. कार्बन डायऑक्साइडमध्ये नायट्रोजन मिसळल्यास नायट्रोजनच्या रेणूंची कंपनऊर्जा त्याच्याकडे सोपवली जाते, हे लक्षात आल्यावर ती वाढली; पुढे हेलियमची भर पडल्यावर अखंड झोताची शक्ती १०० वॅटच्या पुढे गेली. पटेल यांना १९९६ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले.

स्वरयंत्रावरील पहिले प्रयोग

अमेरिकेतील बॉस्टन येथे गेझा याको यांनी १९६०च्या दशकाच्या मध्यास मृत शरीरातून काढलेल्या स्वरतंतूंवर निओडिमियम-काच लेसर वापरून पाहिला. त्याचा परिणाम नियंत्रित करता येत नसल्याने तो प्रयोग समाधानकारक ठरला नाही. नंतर त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर घेतला. त्याचा झोत स्वरयंत्रापर्यंत नेण्यासाठी थॉमस पोलानी आणि हर्बर्ट ब्रेडेमायर यांच्या तांत्रिक साहाय्याने उपकरणे तयार झाली. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले. १९७२ मध्ये स्टुअर्ट स्ट्राँग व याको यांनी रुग्णांवरील पहिल्या शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. १९७५ मध्ये स्ट्राँग यांनी स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी लेसर वापरल्याचे मांडले. आरंभीची काही वर्षे मात्र लेसरचा वापर सौम्य गाठी आणि स्वरतंतूवरील अगदी लहान कर्करोग यांपुरताच मर्यादित राहिला.

गाठ छेदण्याचा वाद

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत गाठ न छेदता, निरोगी ऊतकाच्या वेष्टनासह ती अखंड बाहेर काढावी, असा दंडक विसाव्या शतकात सर्वमान्य होता. गाठीला छेद दिल्यास रोगपेशी इतरत्र सांडतील, ही त्यामागची भीती होती. तोंडावाटे घातलेल्या अरुंद नळीतून मोठी गाठ अखंड काढणे शक्य नसते. त्यामुळे हा दंडक पाळायचा, तर लेसर लहान गाठींपलीकडे जाऊ शकत नव्हता.

जर्मनीतील वोल्फगांग श्टायनर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून एर्लांगेन येथे व पुढे गॉटिंगेन येथे वेगळा मार्ग धरला. त्यांनी गाठ लेसरने मधोमध आडवी छेदून ती कोठपर्यंत खोल गेली आहे, हे प्रत्यक्ष पाहण्यास सुरुवात केली. सूक्ष्मदर्शकाखाली रोगग्रस्त ऊतक लेसरच्या स्पर्शाने निरोगी ऊतकापेक्षा निराळ्या रीतीने जळते. त्यामुळे गाठ कोठे संपते हे कापतानाच ओळखता येते. मग गाठ दोन किंवा अधिक तुकड्यांत काढली जाते आणि प्रत्येक तुकड्याची दिशा खुणेने नोंदवून तो ऊतक-तपासणीस पाठवला जातो. लेसर कापता कापता बारीक रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या मिटवत असल्याने रोगपेशी पसरण्याचा धोका वाढत नाही, अशी या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांची भूमिका होती.

या पद्धतीला प्रारंभी तीव्र विरोध झाला. परंतु अनेक वर्षे पाठपुरावा केलेल्या रुग्णांच्या माहितीत रोग उलटण्याचे किंवा दूर पसरण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा अधिक असल्याचे दिसून आले नाही. श्टायनर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनंतर युरोपात आणि पुढे इतरत्र तिचा प्रसार झाला. या पद्धतीचे वैशिष्ट्य असे, की किती ऊतक काढायचे हे आधी ठरलेल्या ठरावीक नकाशावरून नव्हे, तर त्या रुग्णाच्या गाठीच्या प्रत्यक्ष विस्तारावरून ठरते.

लेसरचे प्रकार

या शाखेत वापरले जाणारे प्रमुख लेसर असे :

• कार्बन डायऑक्साइड लेसर (१०.६ मायक्रोमीटर) : पाण्यात शोषला जातो. अचूक छेदासाठी सर्वाधिक वापर. साध्या काचतंतूतून तो वाहून नेता येत नसल्याने आरशांच्या सांधेदार भुजेतून किंवा खास पोकळ तंतूतून न्यावा लागतो.
• निओडिमियम-याग लेसर (१०६४ नॅनोमीटर) : ऊतकात काही मिलिमीटर खोल शिरतो. कापण्यापेक्षा रक्त गोठवण्यासाठी व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गाठींसाठी उपयोगी. खोलवरची भाजणी वरून दिसत नसल्याने जपून वापरावा लागतो.
• केटीपी लेसर (५३२ नॅनोमीटर) : हिरवा, दृश्य प्रकाश. रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो, त्यामुळे पृष्ठभागाखालच्या बारीक रक्तवाहिन्या निवडून मिटवता येतात.
• आर्गॉन लेसर (४८८ व ५१४ नॅनोमीटर) : कानाच्या सूक्ष्मशस्त्रक्रियेत आरंभी वापरला गेला.
• डायोड लेसर (साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर) : यंत्र लहान व तुलनेने स्वस्त. तंतूच्या टोकाने ऊतकाला स्पर्श करून कापता येते. तोंडातील शस्त्रक्रियांसाठी प्रचलित.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रिया संपूर्ण भूल देऊन केली जाते. रुग्णाला उताणे निजवून मान योग्य कोनात ठेवतात, वरच्या दातांवर संरक्षक पट्टी बसवतात आणि तोंडातून स्वरयंत्रदर्शक नळी घालून ती आधारावर स्थिर करतात. सूक्ष्मदर्शक सुमारे ४०० मिलिमीटर अंतरावर असतो. त्याला जोडलेल्या लहान दांडीने झोत हव्या त्या जागी वळवता येतो. कार्बन डायऑक्साइड लेसरचा झोत अदृश्य असल्याने त्याच्या मार्गावर एक क्षीण लाल प्रकाशझोत सोडलेला असतो. लाल ठिपका जेथे दिसतो तेथेच छेद पडणार, हे त्यावरून कळते. दुसऱ्या हातातील चिमट्याने ऊतक ताणून धरले जाते, कारण सैल ऊतकावर छेद सरळ पडत नाही. पोलादी सुरी धरणाऱ्या हाताला ऊतकाचा मऊ-कठीणपणा जाणवतो. लेसरमध्ये हा स्पर्श नसतो आणि शल्यचिकित्सकाला सर्वस्वी दृष्टीवर विसंबावे लागते.

स्वरतंतूवरील छेदांची नावे सर्वत्र सारखी असावीत, म्हणून युरोपीय स्वरयंत्र संस्थेने २००० मध्ये त्यांचे वर्गीकरण केले. थर जसजसा खोल, तसतसा प्रकाराचा क्रमांक मोठा :

• प्रकार १ : केवळ वरचा अधिस्तर काढणे.
• प्रकार २ : अधिस्तर, त्याखालचा मऊ थर आणि स्वरबंध काढणे.
• प्रकार ३ : त्यांसह स्नायूचा काही भाग काढणे.
• प्रकार ४ : संपूर्ण स्वरतंतू कूर्चेच्या आवरणापर्यंत काढणे.
• प्रकार ५ : स्वरतंतूसह शेजारचे भाग काढणे.

दोन्ही स्वरतंतू पुढे जेथे मिळतात तेथील कर्करोगासाठी २००७ मध्ये प्रकार ६ जोडण्यात आला. पहिल्या दोन प्रकारांनंतर आवाज बहुधा चांगला राहतो. स्नायू जितका अधिक काढावा लागतो, तितका आवाज क्षीण व हवा मिसळल्यासारखा होतो. जखम टाके न घालता उघडी ठेवली जाते आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येते.

उपयोग

स्वरयंत्र व घशाचा कर्करोग : एका स्वरतंतूपुरत्या मर्यादित कर्करोगात लेसर शस्त्रक्रिया हा प्रमुख पर्याय आहे. निवडक रुग्णांत स्वरतंतूंच्या वरच्या भागाचे, जिभेच्या मुळाचे आणि घशाच्या खालच्या भागाचे कर्करोगही या मार्गाने काढले जातात. मानेतील लसीकाग्रंथींत रोग असल्यास वा तसा संभव असल्यास त्या मात्र बाहेरून छेद देऊन, त्याच वेळी किंवा काही दिवसांनी काढल्या जातात.

श्वासमार्गातील पॅपिलोमा : ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या मुख्यतः ६ व ११ या प्रकारांमुळे स्वरयंत्रात चामखिळीसारख्या वाढी होतात. त्या लहान मुलांतही आढळतात, श्वास कोंडू शकतात आणि काढल्या तरी पुनःपुन्हा येतात. काही मुलांना यासाठी अनेकदा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागते. लेसर वाढी नाहीशा करतो, पण विषाणू नाहीसा करत नाही. म्हणून प्रत्येक वेळी खालचा निरोगी थर वाचवणे महत्त्वाचे असते. अन्यथा वाढींपेक्षा त्यांच्या उपचारानेच स्वरतंतूंवर वण पडतात.

श्वासमार्गाचे अरुंदपण : दीर्घकाळ कृत्रिम श्वासनलिकेवर राहिलेल्या रुग्णांत श्वासमार्ग वणाने आक्रसतो. अशा वणावर लेसरने चाकाच्या आऱ्यांसारखे छेद देऊन मग तो फुगवला जातो. दोन्ही स्वरतंतू लुळे पडून श्वासाची वाट बंद झाल्यास एका स्वरतंतूचा मागचा भाग छेदून वाट रुंद करता येते; त्या बदल्यात आवाजाचा काही अंश गमवावा लागतो.

तोंड : जिभेवरील लहान कर्करोग आणि गालाच्या आतील पांढरे चट्टे लेसरने काढले जातात. चट्टा नुसता जाळून टाकल्यास तपासणीसाठी ऊतक उरत नाही आणि त्यात दडलेला कर्करोग नजरेआड राहू शकतो. म्हणून संशयास्पद चट्टा कापून काढून तपासणीस पाठवणे श्रेयस्कर मानले जाते.

नाक, कान व अन्ननलिका : नाकातील रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक विकारात वारंवार होणारा रक्तस्राव रोखण्यासाठी केटीपी व निओडिमियम-याग लेसर वापरतात. मध्यकर्णातील रिकीब हे हाड घट्ट झाल्याने बहिरेपण आलेल्या रुग्णांत त्याच्या तळाला सूक्ष्म छिद्र पाडण्यासाठी अमेरिकेतील रॉडनी पर्किन्स यांनी १९८० मध्ये आर्गॉन लेसरचा वापर मांडला. हाडाला धक्का न लावता छिद्र पडते, हा त्याचा लाभ. अन्ननलिकेच्या आरंभी तयार होणाऱ्या पिशवीची भिंतही लेसरने छेदता येते.

सुरक्षितता

श्वासमार्गातील आग हा या शस्त्रक्रियेतील सर्वांत भयंकर अपघात होय. आगीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी येथे काही सेंटिमीटरांत एकत्र असतात : भुलीतील ऑक्सिजन, जळू शकणारी श्वासनळी आणि ठिणगी देणारा लेसर. साध्या प्लास्टिकची नळी ऑक्सिजनच्या प्रवाहात पेटली, तर ज्वाळा थेट फुप्फुसांच्या दिशेने जाते. म्हणून पुढील काळजी घेतली जाते :

• पोलादी किंवा धातूच्या वेष्टनाची, लेसर सहन करणारी श्वासनळी वापरणे.
• नळीच्या टोकाचा फुगा हवेऐवजी मिठाच्या निर्जंतुक पाण्याने भरणे व त्यात निळा रंग मिसळणे. फुगा फुटल्यास पाण्याने ठिणगी विझते आणि निळा रंग दिसून लगेच इशारा मिळतो.
• ऑक्सिजनचे प्रमाण शक्यतो ३० टक्क्यांपेक्षा कमी ठेवणे. नायट्रस ऑक्साइडही ज्वलनास मदत करत असल्याने तो टाळणे.
• स्वरतंतूंच्या खाली ओल्या कापसाच्या पट्ट्या ठेवणे व त्या सतत ओल्या ठेवणे.
• रुग्णाचे डोळे व चेहरा ओल्या कापडाने झाकणे.

आग लागलीच तर वायूंचा प्रवाह बंद करणे व नळी बाहेर काढणे ही दोन्ही कामे त्याच क्षणी करावी लागतात. नंतर घशात मिठाचे पाणी ओतून आग विझवतात आणि श्वास पुन्हा चालू करून श्वासमार्गाची तपासणी करतात. यासाठी भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सक व परिचारिका यांनी कोणाचे काम कोणते, हे आधीच ठरवून ठेवणे आवश्यक असते.

शस्त्रक्रियागृहातील सर्वांना डोळ्यांचे संरक्षण लागते. कार्बन डायऑक्साइड लेसरने डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला इजा होते. साध्या काचेचा वा प्लास्टिकचा बाजूंनी झाकलेला चष्मा त्याला अडवू शकतो. निओडिमियम-याग व केटीपी लेसर मात्र डोळ्याच्या आत शिरून दृष्टिपटल जाळू शकतात. त्यांच्यासाठी त्या त्या तरंगलांबीचे खास चष्मे लागतात. लेसरमुळे उठणारा धूरही निरुपद्रवी नसतो. पॅपिलोमावरील उपचारांच्या धुरात विषाणूचा डीएनए आढळला आहे, म्हणून धूर शोषणारे यंत्र व सूक्ष्मकण अडवणारे मुखपट्ट वापरले जातात.

गुंतागुंत व मर्यादा

शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव, विशेषतः स्वरयंत्राच्या वरच्या भागातील मोठ्या धमनीतून होणारा, जीवघेणा ठरू शकतो. अन्न वा पाणी श्वासमार्गात जाणे, कूर्चेचा दाह, दात दुखावणे आणि नळीच्या दाबाने जिभेला काही काळ बधिरता येणे हे त्रासही संभवतात. दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या सांध्याजवळ एकाच वेळी जखम झाल्यास भरताना तेथे पडदा तयार होऊन आवाज बिघडतो.

ऊतक-तपासणीतही अडचण येते. लेसरने भाजलेली कड आक्रसते आणि तिच्यातील पेशी नीट ओळखता येत नाहीत. स्वरतंतूवर एक-दोन मिलिमीटर निरोगी कडही पुरेशी मानली जात असल्याने या भाजणीमुळे अहवालाचा अर्थ लावणे कठीण होते. कड संशयास्पद असल्यास पुन्हा तपासणी किंवा पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

सर्वांत मूलभूत मर्यादा दृष्टीची आहे. लेसरचा झोत सरळ रेषेत जातो. जे नळीतून दिसत नाही ते कापता येत नाही. आखूड मान, पुढे आलेले दात, मागे सरलेला जबडा किंवा कमी उघडणारे तोंड असलेल्या काही रुग्णांत स्वरतंतूंचा पुढचा भाग दृष्टीस पडतच नाही. कूर्चा भेदून बाहेर पसरलेल्या कर्करोगात ही पद्धत उपयोगी नाही.

इतर उपचारांशी तुलना

स्वरतंतूच्या प्राथमिक कर्करोगात लेसर व किरणोपचार या दोहोंनी रोग आटोक्यात येण्याचे प्रमाण साधारण सारखे, म्हणजे ९० टक्क्यांच्या आसपास आहे. फरक इतर बाबींत आहे. लेसर शस्त्रक्रिया बहुधा एका बैठकीत पूर्ण होते व रुग्ण काही दिवसांत घरी जातो. किरणोपचारासाठी साधारण ५ ते ७ आठवडे आठवड्यातून पाच दिवस यावे लागते. रोग उलटल्यास लेसर पुन्हा वापरता येतो आणि किरणोपचाराचा मार्गही शिल्लक राहतो. याउलट पूर्ण मात्रेचा किरणोपचार त्याच जागी सहसा पुन्हा देता येत नाही. या कारणाने आरंभी लेसर निवडलेल्या रुग्णांत स्वरयंत्र अखेरपर्यंत टिकण्याचे प्रमाण अधिक आढळते. गाठ स्नायूत खोल गेलेली असल्यास किंवा पुढच्या सांध्यावर असल्यास मात्र किरणोपचारानंतरचा आवाज अधिक चांगला राहू शकतो. म्हणून निवड करताना गाठीचे स्थान, रुग्णाचा व्यवसाय आणि त्याची इच्छा यांचा विचार केला जातो.

बळावलेल्या कर्करोगात स्वरयंत्र वाचवण्याचा दुसरा मार्ग म्हणजे रसायनोपचार व किरणोपचार यांचा संयोग. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३२ रुग्णांच्या एका अभ्यासात या मार्गाने ६४ टक्के रुग्णांचे स्वरयंत्र टिकले आणि दोन वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेइतकेच राहिले. अलीकडे घशाच्या गाठींसाठी यंत्रमानवी भुजांची शस्त्रक्रियाही वापरली जाते. तिच्यात वाकडी वाट घेता येते; परंतु स्वरतंतूंवरील सूक्ष्म कामासाठी लेसर व सूक्ष्मदर्शक यांची जोडी अजूनही प्रचलित आहे.

भारतातील संदर्भ

तंबाखू व सुपारीच्या सेवनामुळे भारतात तोंड व घशाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे आहे. तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. लेसर शस्त्रक्रियेच्या दृष्टीने याला आणखी एक पैलू आहे. सुपारी व गुटख्याच्या सवयीने गालांच्या आतील अस्तराखाली तंतुमय ऊतक वाढते, अस्तर ताठर होते आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. तोंड पुरेसे उघडत नसल्यास स्वरयंत्रदर्शक नळी आत जाऊ शकत नाही. स्वरयंत्रातील गाठ लहान असूनही केवळ या कारणाने लेसरचा मार्ग बंद होतो आणि रुग्णाला किरणोपचार किंवा खुली शस्त्रक्रिया स्वीकारावी लागते.

लेसर यंत्र, सूक्ष्मदर्शक आणि खास श्वासनळ्या महाग असतात. शिवाय भूलतज्ज्ञासह संपूर्ण चमूला प्रशिक्षण लागते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया मुख्यतः मोठ्या शहरांतील कर्करोग केंद्रे, वैद्यकीय महाविद्यालये व काही खासगी रुग्णालये यांत उपलब्ध आहे. अनेक रुग्ण उशिरा, म्हणजे गाठ लेसरच्या आवाक्याबाहेर गेल्यावर येतात. स्वरतंतूचा कर्करोग मात्र फार लवकर खूण देतो : गाठ अगदी लहान असतानाच आवाज घोगरा होतो. सर्दी-खोकला नसताना आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिल्यास, विशेषतः धूम्रपान करणाऱ्या व्यक्तींनी, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला दिला जातो. या टप्प्यावर निदान झाल्यास रोग व आवाज या दोहोंच्या बाबतीत चांगल्या परिणामाची शक्यता सर्वाधिक असते.